तेराशे वर्षांचं कोरं करकरीत देऊळ

बालमित्रांनो, गेले काही आठवडे आपण जपानमध्ये हिंडतो आहोत. टोकियोचं स्टेशन पाहून झालं, काड्यांनी भात खाताना उडणारी तारांबळ झाली, गरम पाण्याच्या कुंडात डुंबूनही झालं. आता तुमची पत्रं येऊ लागली आहेत. त्यात कराडच्या आठवीतल्या एका मैत्रिणीने मला चांगलंच पेचात पकडलंय. तिचं म्हणणं असं, की मावशी एका आठवड्यात सांगते जपान सगळ्यांच्या पुढे आहे, आणि दुसऱ्या आठवड्यात सांगते तिथे सगळं जुनं जपून ठेवलंय. मग ते लोक जुने की नवे? तिच्या घरी म्हणे यावरून आजोबांचं आणि दादाचं रोज वाजतं. आजोबा म्हणतात, बघ, जपानी लोकांनी आपल्या रूढी सोडल्या नाहीत. दादा म्हणतो, बघा, त्यांनी बुलेट ट्रेन काढली!

मी काही न्यायाधीश होऊन बसणार नाही बरं का. पण आज तुम्हाला चार-पाच ठिकाणी घेऊन जाते. आजोबा आणि दादा, दोघांनाही शेजारी बसवून वाचा.

दादाला आवडेल ते आधी. टोकियो ते ओसाका ही शिनकानसेन, म्हणजे ज्या गाडीला जग बुलेट ट्रेन म्हणतं ती, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली. त्यानंतर नऊच दिवसांनी टोकियोत ऑलिंपिक होतं. तेव्हा ती ताशी २१० किलोमीटरने धावायची, आता याच मार्गावर २८५ ने धावते. इतक्या वर्षांत गाडी घसरून किंवा टक्कर होऊन तिच्यातला एकही प्रवासी दगावलेला नाही. आपल्याकडे मुंबई ते अहमदाबाद मार्गाचं काम चाललंय, तेही याच जपानी तंत्रावर. त्यामुळे ठाणे-पालघरच्या मुलांना मी वेग-बिग काय सांगणार!

मला वेगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची गंमत वाटली. जपानमध्ये गाडीचा चालक सिग्नल आला की पांढरा हातमोजा घातलेल्या हाताने त्याच्याकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने बोलतो. डब्यात दुसरं कोणी नसलं तरी! वेग पाहिला, दाखवलं बोट. घड्याळ पाहिलं, दाखवलं बोट. प्लॅटफॉर्मवरचा गार्डसुद्धा तेच करतो. ही सवय वाफेच्या इंजिनांच्या जमान्यातली आहे. डोळ्यांनी पाहिलेलं हाताने दाखवलं आणि तोंडाने म्हटलं की चूक कमी होते, एवढा साधा हिशेब. संगणक आले, पण बोट काही खाली गेलं नाही.

आता या गाडीने आपण नागोयापर्यंत जाऊ आणि तिथून दुसऱ्या रेल्वेने तासा-दीड तासात इसे नावाच्या गावी उतरू. आजोबा, आता तुमची पाळी.

इसेला जपानमधलं सगळ्यात मानाचं देवस्थान आहे. शिंतो धर्माचं. तिथे मुख्य देवळं दोन, आतलं आणि बाहेरचं. आतल्यात सूर्यदेवी अमातेरासू, बाहेरच्यात अन्न देणारी देवी तोयोउके. बाहेरच्या देवळात दिवसातून दोनदा देवांना नैवेद्य दाखवतात, आणि तो शिजवायला जो अग्नी लागतो तो लाकडावर लाकूड घुसळून पेटवतात. रोज! काडेपेटी नाही, लायटर नाही. आणि आपण नुकते २८५ च्या वेगाने आलेलो. माझं तर डोकंच गरगरलं.

पण खरी गंमत आतल्या देवळाची. तिथे जायला इसुझू नदीवर शंभर मीटर लांबीचा लाकडी पूल आहे, उजी पूल. पुलापलीकडे उंचच उंच झाडांचं रान. पायाखाली खडी करकरते. मला वाटलं, आता तेराशे वर्षांचं, काळं पडलेलं, शेवाळलेलं देऊळ दिसणार. सरकारी पुस्तिकेत तर लिहिलं होतं की हे देवस्थान अतिप्राचीन आहे. कुंपणाआडून दिसलं काय, तर गवताने शाकारलेलं एक साधं छप्पर आणि जेमतेम काही वर्षांचं लाकूड. आत जायला सामान्य माणसाला परवानगी नाही, फोटोही काढू देत नाहीत. आणि शेजारीच एक तेवढीच मोकळी जागा. पांढरे गोटे पसरलेले, मधोमध एक इवलीशी लाकडी खोपटी. बाकी काही नाही.

ती मोकळी जागा कशासाठी, सांगा पाहू?

पुढच्या देवळासाठी! इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नवं बांधतात. अगदी तस्संच, त्याच मापाचं, शेजारच्या मोकळ्या जागेत. देवीला रात्रीच्या अंधारात नव्या घरी नेतात आणि मग जुनं देऊळ उतरवतात. पुढच्या वेळी पुन्हा अलीकडच्या जागेत. पहिल्यांदा हे झालं इसवी सन ६९० मध्ये. २०१३ साली झालं ते बासष्टावं. त्रेसष्टावं होणार २०३३ मध्ये, आणि त्याचे विधी २०२५ पासूनच सुरू झाले. नुसत्या तयारीला आठ वर्षं लागतात, बघा.

आणि देऊळ एकट्याने नवं होत नाही. देवीची वस्त्रं, तलवारी, आरसे, पेट्या, खोगिरं अशा दीड हजाराहून जास्त वस्तू हाताने नव्या घडवतात. रेशीम विणणारे वेगळे, लोखंड घडवणारे वेगळे, लाखेचं काम करणारे वेगळे. गेल्या खेपेला या सगळ्याला सुमारे साडेपाच हजार कोटी येन लागले. सरकार धर्मकार्याला पैसा देऊ शकत नाही, म्हणून देवस्थानचे पैसे आणि लोकांच्या देणग्या.

आता आईबाबांपैकी कोणीतरी नक्की विचारणार, की एवढा खटाटोप कशाला? चांगलं दगडी बांधा, दोन हजार वर्षं बघायला नको. मीही हेच विचारलं होतं. अभ्यासक दोन-तीन कारणं सांगतात. खांब जमिनीत थेट पुरलेले असतात, खाली दगड नाही, त्यामुळे ते कुजतात. गवती छप्पर तर त्याहून लवकर जातं. पण मला पटलं ते कारण वेगळंच. विसाव्या वर्षी एखादा पोरगा सुताराच्या हाताखाली येतो, रंधा धरायला शिकतो. चाळिसाव्या वर्षी तोच मुख्य कारागीर. साठाव्या वर्षी तो बाजूला उभा राहून पुढच्या पोरांना सांगतो, अरे, असं नाही, असं. वीसऐवजी शंभर वर्षांनी बांधायचं म्हटलं तर शिकवणारा आणि शिकणारा यांची गाठच पडायची नाही. म्हणजे इसेला जपून ठेवलंय ते लाकूड नाही. लाकूड वीस वर्षांनी उतरवतातच की!

उतरवलेलं लाकूड वाया जातं असं मात्र समजू नका. देवळाचं आढं तोलणारे दोन मोठे खांब असतात. ते उतरवले की तासून उजी पुलाच्या तोंडाशी कमानी म्हणून उभे राहतात. तिथे वीस वर्षं काढली की दुसऱ्या गावांच्या वेशीवर आणखी वीस वर्षं. बाकीचं लाकूड देशभरातल्या देवळांना दुरुस्तीसाठी जातं. भूकंपात किंवा वादळात पडलेल्या देवळांना तर आवर्जून देतात.

आणि लाकूड आणायचं कुठून? हिनोकी नावाच्या झाडांचं लाकूड लागतं. ताजं कापलं की त्याला लिंबासारखा वास येतो. दहा हजारांहून जास्त झाडं लागतात. शेकडो वर्षं ती दूरच्या किसोच्या डोंगरांतून आणली, कारण जवळचं रान तोडून तोडून संपलं होतं. मग १९२३ मध्ये देवस्थानाने आपल्याच रानात हिनोकी वाढवायची योजना आखली. किती वर्षांची, माहीत आहे? दोनशे! ज्यांनी ती रोपं लावली त्यांना पक्कं ठाऊक होतं, की आपलाच काय, आपल्या नातवाचाही हात त्या खांबांना लागणार नाही. २०१३ च्या देवळात त्या रानातलं थोडं लाकूड वापरता आलं. सातशे वर्षांत पहिल्यांदा.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, तेराशे वर्षं घड्याळासारखं चाललंय. तसं नाही हं. जपानात यादवी माजली तेव्हा आतल्या देवळाचं बांधकाम १४६२ नंतर थेट १५८५ मध्ये झालं. एकशे तेवीस वर्षांचा खंड! आणि १९४९ ची पाळी आली तेव्हा देश महायुद्ध हरलेला, लोकांना खायची भ्रांत. देऊळ चार वर्षं पुढे ढकललं गेलं. पण इसेच्या लोकांनी निदान पूल तरी वेळेवर बांधूया म्हणून तो १९४९ मध्येच बांधला. तेव्हापासून पूल देवळाच्या चार वर्षं आधी नवा होतो. २००९ मध्ये पूल, २०१३ मध्ये देऊळ. एका कडकीच्या वर्षाने पाडलेला पायंडा अजून चालू आहे!

आजोबा खूश झाले असतील. पण थांबा, पुढची गोष्ट त्यांना तितकीशी आवडणार नाही.

सुमो कुस्ती तुम्हाला माहीत आहे. ते पर्वतासारखे पैलवान ज्या मातीच्या चौथऱ्यावर झुंजतात त्याला दोह्यो म्हणतात. ती जागा पवित्र मानतात, आणि रूढीप्रमाणे तिथे बाईने पाऊल टाकायचं नाही. एप्रिल २०१८ मध्ये मायझुरू या गावी सुमोचा कार्यक्रम होता. गावचे महापौर चौथऱ्यावर भाषण करता करता एकदम कोसळले. प्रेक्षकांतल्या काही बायका धावत वर गेल्या. त्यांपैकी एक जण त्यांची छाती दाबू लागली, हृदय बंद पडू नये म्हणून दाबतात ना, तशी. आणि ध्वनिक्षेपकावर काय आवाज यावा? बायकांनी चौथऱ्यावरून खाली उतरावं! एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

महापौर वाचले. देशभर गदारोळ झाला. सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली, माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना असं सांगणं चूक होतं म्हणाले. पण त्यानंतर दोनच दिवसांनी ताकाराझुका शहराच्या महापौरांना भाषण करायचं होतं. त्या बाई. त्यांना चौथऱ्यावर चढू दिलं नाही. खाली, बाजूला उभं राहून त्या बोलल्या, आणि बाई असल्यामुळे इथून बोलावं लागतंय याचं वाईट वाटतं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. तुमच्या घरात याच्यावर वाद होणार, मला ठाऊक आहे. होऊ द्या. माझं मत विचाराल तर त्या छाती दाबणाऱ्या बाईंना मी चौथऱ्यावर उभं करून हार घातला असता.

आता जरा हसू या. दादाला वाटत असेल जपानी ऑफिसात सगळीकडे यंत्रमानव फिरतात. अरे, जपानी ऑफिसात फॅक्स मशीन असतं! २०२० मध्ये कोरोना पसरला, तेव्हा रुग्णांची माहिती दवाखान्यांतून सरकारकडे कशी जायची? हाताने भरलेला कागद, फॅक्सने. एका डॉक्टरांनी वैतागून हे जगजाहीर केलं तेव्हा कुठे संगणकावरची व्यवस्था उभी राहिली. आणि सही? जपानात सहीऐवजी हांको म्हणजे आपल्या नावाचा लहानसा शिक्का मारतात. सगळ्यांना घरी बसून काम करायला सांगितलं होतं, तरी माणसं आगगाडीत बसून ऑफिसला जात होती, कशासाठी, तर कागदावर शिक्का मारायला! शेवटी सरकारलाच सांगावं लागलं, की बाबांनो, बहुतेक कामांना शिक्का नको.

फ्लॉपी डिस्क म्हणजे काय ते आईबाबांना विचारा. चौकोनी, खिशात मावणारी. तिच्यात तुमच्या मोबाईलमधला एक धड फोटो बसणार नाही. तर सरकारला माहिती अशा तबकड्यांवर द्यावी असं सांगणारे हजाराहून जास्त नियम जपानात होते. ते काढून टाकायला २०२४ चा जून उजाडला.

इसेचं देऊळ जुनं आणि फॅक्सही जुना. पण इसेचं जुनेपण टिकवायला दोनशे वर्षं आधी झाडं लावावी लागतात. फॅक्सचं जुनेपण टिकवायला काय लागतं? काही नाही, नुसतं बसून राहावं लागतं. कराडच्या आजोबांनी आणि दादाने हे दोन निरनिराळे हिशेब आहेत एवढं ध्यानात घेतलं तरी निम्मी भांडणं मिटतील, असा माझा अंदाज.

जुनं-नवं कधीकधी इतकं एकमेकांत मिसळतं की कुणाला काय म्हणावं कळत नाही. टोकियोच्या आसाकुसा भागातल्या सेन्सोजी मंदिरात दर ८ फेब्रुवारीला सुयांचं श्राद्ध करतात. खरंच! वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया बायका घेऊन येतात आणि मऊमऊ तोफूच्या वडीत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरात, टोचून ठेवतात. जन्मभर जाड कापडांतून घुसून दमलीस ना, आता मऊ बिछान्यावर नीज. आपल्या खंडेनवमीची आठवण झाली ना? फरक एवढाच, की आपण चालत्या हत्यारांची पूजा करतो आणि ते थकलेल्यांची.

आता त्याच देशातला आयबो पाहा. सोनी कंपनीने १९९९ मध्ये काढलेला यंत्राचा कुत्रा. पहिले तीन हजार वीस मिनिटांत विकले गेले. तो शेपूट हलवायचा, नाव ओळखायचा. एकट्या राहणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांचा तो जिवलग झाला. २००६ मध्ये कंपनीने तो बनवणं थांबवलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही. सुटे भाग मिळेनात. मग जे कुत्रे अगदीच बंद पडले त्यांचे भाग काढून दुसऱ्यांना बसवायचे, असं काही जुन्या तंत्रज्ञांनी ठरवलं. पण सुटे भाग काढायच्या आधी? इसुमी गावच्या शेकडो वर्षं जुन्या बौद्ध मंदिरात या कुत्र्यांना रांगेत बसवतात, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, आणि भिक्षू मंत्र म्हणून त्यांना निरोप देतात. २०१५ पासून हे विधी होऊ लागले. एकदा तर शंभराहून जास्त कुत्रे होते. हसू आलं ना? मलाही आधी आलं होतं. मग चिठ्ठ्या वाचल्यावर नाही आलं. २०१८ मध्ये सोनीने नवा आयबो काढला. पण आपला जुनाच दुरुस्त करून द्या म्हणणारे लोक अजून आहेत.

शेवटचा मुक्काम लांबचा. शिकोकू बेटावरचं इया खोरं. डोंगर असे उभे की बस वळणावर आली की पोटात गोळा येतो. तिथे नदीवर वेलींचा झुलता पूल आहे, काझुराबाशी. ४५ मीटर लांब, पाण्यापासून १४ मीटर वर. लढाईत हरलेले सरदार इथे लपले आणि शत्रू आला तर झटकन तोडता यावा म्हणून त्यांनी वेलींचे पूल बांधले, अशी दंतकथा आहे. पायाखालच्या फळ्यांमध्ये एवढ्या फटी, की खालचं हिरवं पाणी सरळ दिसतं. मी दोन्ही हातांनी वेल घट्ट धरून खेकड्यासारखी चालले. अर्ध्यावर गेल्यावर वेलीच्या आत काहीतरी चकाकलं. पोलादी तार! वेली दर तीन वर्षांनी नव्या बांधतात, आणि त्यांच्या पोटात तार दडवतात, कोणी पडू नये म्हणून. ही लबाडी मला फार आवडली.

त्याच खोऱ्यात आणखी वर गेलं की नागोरो नावाचं गाव लागतं. बसमधून उतरण्याआधीच रस्त्याकडेला माणसं दिसू लागली. कोणी शेतात वाकलेलं, कोणी ओट्यावर गप्पा मारतंय, कोणी खांबावर चढून तार जोडतंय. जवळ गेलं तर सगळ्या कापडी बाहुल्या! खऱ्या माणसाएवढ्या, जुने कपडे घातलेल्या. गावात माणसं तीससुद्धा नाहीत, आणि बाहुल्या शेकड्यांनी. तरुण मंडळी कामधंद्याला शहरात गेली, म्हातारी माणसं एकेक करून गेली. जपानची लोकसंख्याच २००८ नंतर घटत चालली आहे, आणि डोंगरातली गावं सगळ्यात आधी ओस पडतात. ओसाकाहून माहेरी परतलेल्या एका बाईंनी शेतात बुजगावणं केलं, ते त्यांच्या वडिलांसारखं दिसू लागलं. मग त्या एकेक करत गेल्या. कोणी गेलं की कधी त्याची बाहुली, कोणी गाव सोडलं की त्याची.

गावची शाळा २०१२ मध्ये बंद झाली, शिकायला मूलच उरलं नाही. वर्गात बाकांवर आता बाहुल्या बसलेल्या असतात, फळ्यापाशी बाहुलीच्याच बाई. पावसापाण्याने बाहेरच्या बाहुल्या दोन-तीन वर्षांत कुजतात, तेव्हा त्या बाई पुन्हा कापूस भरतात, पुन्हा शिवतात, जुना चेहरा आठवून नवा चेहरा करतात. शिवायला कसं घ्यायचं ते त्या बाहेरून येणाऱ्यांना शिकवतातही. गावात मात्र शिकायला लहान कोणी नाही.

परतीच्या बसची वाट पाहत मी थांब्यावर बसले. तिथेही पाच-सहा जण आधीच बसले होते, मांडीवर पिशव्या घेऊन. बस आली, दार उघडलं, चालकाने पांढऱ्या हातमोज्याने उजवीकडे बोट दाखवलं, डावीकडे दाखवलं, मोठ्याने काहीतरी म्हटलं. मी एकटीच चढले.